काळा धूर दिसताच सेन्सर बदलू नका!

जुन्या पेट्रोल पिकअपमधून काळा धूर, पेट्रोलचा वास, घटलेले मायलेज... ही लक्षणे दिसली की अनेकदा थेट ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. ही घाई खिशाला महागात पडते.

१ किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. त्या प्रमाणात पेट्रोल जास्त झाले, की इंजिन ‘रिच’ चालते. अमेरिकेतील १९९६नंतरच्या पिकअपमध्ये स्कॅनरवर ‘पी ०१७२’सारखा कोड येतो. पण कोड फक्त बिघाड सांगतो, कारण शोधावे लागते.

आधी एअर फिल्टर पाहा. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरच्या व्हॅक्युम नळीत पेट्रोल आढळले, तर रेग्युलेटरचा पडदा फाटलेला असतो. गरम इंजिनलाही कूलंट सेन्सर ‘थंड’ सांगत असेल, तर कॉम्प्युटर जादा पेट्रोल सोडतो.

तपासणी टाळली, तर महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो.