तलवारीवाचूनचे शौर्य

मुलांनो, साताऱ्याचा अजिंक्यतारा तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. त्या गडाकडे पाहिले, की महाराणी ताराबाईंची आठवण होते. इ. स. १७०० पासून सात वर्षे त्यांनी औरंगजेबाच्या अफाट फौजेशी झुंज घेतली. अशा कथा ऐकताना अंगावर रोमांच उभे राहतात, हे खरे; परंतु गोष्ट संपताच एखादी चौकस मुलगी विचारते, "पण मला तलवार कोठून मिळणार?" तिचा प्रश्न रास्त आहे. आम्ही मोठी माणसे त्याचे उत्तर क्वचितच देतो.

उत्तर याच मातीत आहे. खंडाळा तालुक्यातील नायगावी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. नवव्या वर्षी त्या जोतीराव फुल्यांच्या घरी आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पुढे जोतीरावांपाशी त्या शिकल्या आणि १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, तेथे शिकवू लागल्या. वाटेवर लोक त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेकीत. म्हणून त्या दुसरे लुगडे जवळ बाळगीत, शाळेत पोहोचल्यावर ते नेसत आणि धड्याला आरंभ करीत. त्यांच्या जन्मदिनी आपण तसबिरीला हार घालतो. मला त्या हाराहून हे लुगडे अधिक मोलाचे वाटते. त्यांना देवी म्हणून मखरात बसविले, की 'हे आपल्याने कसे होणार?' असे म्हणून मोकळे होता येते. जादा लुगडे बरोबर नेण्यास काही दैवी शक्ती लागत नाही!

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. मुलांच्या अन्नाला पैसा पुरेना, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले. अखेर मंगळसूत्रही मोडले. रयत शिक्षण संस्थेचा विस्तार सर्वांना ठाऊक आहे, पण त्या चुलीची गोष्ट किती जणांना ठाऊक असेल?

आणि क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई! प्रतिसरकारच्या काळात, जेव्हा सांगलीकडील बराच मुलूख सातारा जिल्ह्यातच होता, पोलीस ठाण्यासमोर एका सोबत्याने त्यांच्या नवऱ्याचे सोंग घेतले व भांडण उकरून काढले. शिपाई समजूत घालण्यास बाहेर धावले. तेवढ्यात इतरांनी आतील बंदुका पळविल्या. सोंग वठावे म्हणून हौसाताईंना मार मात्र खरा बसला. त्या २०२१ सालापर्यंत हयात होत्या. विट्याकडील तुमच्या एखाद्या आजीने त्यांना पाहिलेही असेल. आज सायंकाळी तिला विचारा.