विश्लेषण : आजोबांच्या फोटोतली मोटार खरंच रोल्स-रॉइस होती का?

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीतरी एक कृष्णधवल फोटो येतो. फेटा बांधलेले पणजोबा, शेजारी लांबलचक मोटार आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, 'आपली रोल्स-रॉइस'. मग एखादा पुतण्या तो फोटो ॲपमध्ये टाकतो, ॲपही बिनदिक्कत हो म्हणतं आणि विषय संपतो. असाच एक फोटो माझ्याकडे आला, तेव्हा मी तो तीन वेगवेगळ्या प्रकारे क्रॉप करून ॲपला दिला. तीन वेळा तीन कंपन्यांची नावं आली!

ॲप का चुकतं?

फोटोत सर्वांत जास्त दिसते ती बॉडी, आणि तीच बहुतेकदा कंपनीची नसायची. त्या काळी उंची मोटार दोन टप्प्यांत विकत घेतली जायची. इंजिन, चॅसिस आणि रेडिएटर कंपनीकडून; बॉडी मात्र गिऱ्हाइकाच्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून. बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबर्ली ही त्यातली नामांकित ब्रिटिश नावं. रोल्स-रॉइस नावाची मोटार कारखान्याच्या तयार बॉडीसह मिळू लागली ती १९४९ च्या सिल्व्हर डॉनपासून. एकच कोचबिल्डर रोल्सवरही बॉडी चढवायचा आणि डेमलरवरही. त्यामुळे दरवाजे, हूड, आसनं यांवरून मालकाची आवड कळते, कंपनी नाही.

कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला दसरा चौकात येणारी छत्रपतींची मेबॅक अनेकांनी पाहिली असेल. झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं बनवणाऱ्या या जर्मन कंपनीच्या मोटारींवरही बॉडी बहुतेकदा दुसऱ्याची, राव्हेन्सबुर्गच्या श्पोन कारखान्याची असे. पुढच्या बाजूचं दुहेरी 'एम' झाकलं, तर किती जण तिला मर्सिडीज म्हणतील, याचा विचार करा.

मग पाहायचं काय?

आधी रेडिएटर. रोल्सचा सपाट, काटकोनी खांद्यांचा, ग्रीक मंदिराच्या दर्शनी भागासारखा. डेमलरच्या रेडिएटरच्या वरच्या कडेवर पन्हळीसारख्या खाचा. पॅकार्डचा माथा बैलाच्या जूसारखा वळलेला. दिवे वेगळे न बसवता पुढच्या मडगार्डमधूनच वर आलेले दिसले, तर अमेरिकी पिअर्स-ॲरोचा विचार सर्वांत आधी करावा.

सगळे बोट दाखवतात ते मात्र रेडिएटरवरच्या मूर्तीकडे. रोल्सची 'स्पिरिट ऑफ एक्स्टसी' १९११ ची, हिस्पानो-सुइझाचा उडता करकोचा पहिल्या महायुद्धानंतरचा. पण या मूर्ती रेडिएटरच्या झाकणावर बसायच्या आणि झाकण फिरवून काढता यायचं. हौसेने दुसरीच मूर्ती बसवणारेही होते. त्यामुळे निव्वळ मूर्तीवर मी तरी निकाल देणार नाही.

रोल्सच आहे असं वाटलं तर रेडिएटरवरच्या पट्ट्या बघा. १९२२ मध्ये आलेल्या लहान 'ट्वेंटी'ला सुरुवातीला आडव्या पट्ट्या होत्या. १९२५ च्या फँटमला उभ्या. त्यानंतर पुढच्या चाकांकडे वळा. आतल्या बाजूला ब्रेकचा गोल ड्रम दिसतो का? रोल्सने पुढच्या चाकांना ब्रेक दिले ते १९२४ च्या सुमारास. ड्रम नसेल तर मोटार बहुधा त्याआधीची. उलट मात्र खरं धरू नका, कारण जुन्या गाड्यांना नंतर ब्रेक बसवले गेले. शिवाय हिस्पानोच्या एच-६ ला ते १९१९ पासूनच होते.

नंबर प्लेट कंपनी सांगत नाही, पण गाव सांगते. अनेक संस्थानांच्या मोटारींवर संस्थानाचंच नाव असायचं. आणि नेमकी तीच प्लेट कापून लोक फोटो पाठवतात.

रोल्स नाही निघाली तर?

शक्यता तीच जास्त. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जोडायला सुरुवात केली. शेवरोले, ब्यूक अशा अमेरिकी गाड्या व्यापारी, डॉक्टर, वकिलांच्या दारात दिसू लागल्या. पणजोबांची ब्यूक निघाली म्हणून तोंड पाडायचं कारण नाही. उलट ती कुठे घेतली, कोण चालवायचं, हे विचारायला घरात अजून कुणीतरी असू शकतं. फोटो काढताना मोटार दहा वर्षं जुनी किंवा शेजाऱ्याचीही असू शकते, हेही लक्षात असू द्या.

एआयने फोटो 'साफ' केला तर चालेल?

ओळख पटवण्यासाठी अजिबात नाही. इथे नुकसान खरं आहे. एआय धूसर जागा उजळत नाही, तिथे काय असावं याचा अंदाज बांधून नवं चित्र काढतं. बॉनेटवरच्या हवेच्या फटी मोजून मॉडेल ठरवायचं असतं आणि नेमक्या त्याच फटी ते मनाने काढतं. मग तो 'स्वच्छ' फोटो ग्रुपमध्ये फिरतो, कुलवृत्तांतात छापला जातो आणि मूळ प्रिंट अल्बमच्या गोंदात खराब होते.

मूळ प्रिंट सहाशे डीपीआयला स्कॅन करा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, कारण स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीतली तारीख तिथेच सापडते. खाली ओळ लिहायचीच असेल तर अशी लिहा : 'चॅसिस बहुधा रोल्स-रॉइस ट्वेंटी, १९२२ ते १९२९ मधली, बॉडी कुणाची ते अज्ञात, मोटार आपली की पाहुण्यांची, आत्याला विचारायचं आहे.'