सही आपली, प्रश्नही आपलेच

मैत्रिणींनो, कॅन्सर झालेल्या बाईला डॉक्टरांनी "क्लिनिकल ट्रायलमध्ये भाग घ्याल का?" असं विचारलं, की घरातून पहिला सूर निघतो, "आमचं माणूस काय प्रयोगाचा उंदीर आहे?" आमच्या केळव्यात पानवेलीच्या वाडीत राबणाऱ्या बायका हेच म्हणतात आणि बोईसरच्या कॉलनीतल्या शिकलेल्या बायकाही.

ही भीती उगीच नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मममध्ये मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस देण्याचा प्रकल्प झाला. वसतिगृहातल्या अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. लस वाईट नव्हती, पद्धत वाईट होती. आपल्या जिल्ह्यात इतक्या आश्रमशाळा आहेत, म्हणून मला ही गोष्ट विसरता येत नाही.

पण दुसरी बाजूही पाहा. परळच्या टाटा हॉस्पिटलने (हेही आपल्या तारापूर केंद्रासारखं अणुऊर्जा विभागाचंच बरं का!) १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख बायकांना घेऊन एक मोठी चाचणी केली. दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका साध्या व्हिनेगरसारख्या द्रावणाने गर्भाशयमुख तपासत. बारा वर्षांनी दिसलं, की तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दुसऱ्या गटाला तपासणी न देता फक्त माहिती दिली, यावर टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. तरी हे ज्ञान त्या बायकांमुळेच मिळालं.

डॉ. राजेंद्र बडवे यांच्या चाचणीत स्तनाच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती भुलीचं स्वस्त इंजेक्शन देऊन पाहिलं. ११ केंद्रांतल्या सुमारे १६०० बायका त्यात होत्या. ऑपरेशन सगळ्यांचंच झालं, इंजेक्शन निम्म्यांना. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा, की पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन न घेतलेल्यांत ८६.४ टक्के, तर घेतलेल्यांत ९०.१ टक्के होतं. इतक्या स्वस्त औषधाची जाहिरात कोणती कंपनी करणार? असं काम बायका पुढे आल्या तरच होतं.

म्हणून एकदम नाही म्हणू नका आणि एकदम होही म्हणू नका. विचारा: नेहमीचे उपचार मला मिळणारच ना? जादा काय देणार? त्रास झाला तर? २०१९ च्या नियमांप्रमाणे नव्या औषधाच्या चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. मध्येच बाहेर पडता येतं, त्यासाठी कोणी उपचार थांबवू शकत नाही. वाचता येत नसेल तर समजावताना तटस्थ साक्षीदार लागतो.

आपल्याकडे होतं काय, डॉक्टरांशी बोलतो नवरा नाहीतर मुलगा आणि जिचा आजार ती बाहेर बाकावर. तसं करू नका. केळवे रोडहून लोकल पकडून परळला जाताना फाईल हवी तर मुलाकडे असू दे, पण आत आपणही जायचं. संमतिपत्र मराठीत मागायचं, घरी आणून वाचायचं आणि सही केलीच तर त्याची एक प्रत आपल्या पिशवीत ठेवायची.