टँकर कधी येणार ते सांगा, का आला नाही ते विचारू नका!

सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, २००८ पासून 'माणदेशी तरंग वाहिनी' हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. सांगलीच्या जत तालुक्यात, जालिहाळला, 'येरळावाणी'. अशा केंद्रांच्या प्रक्षेपणाला मर्यादा किती, तर १०० वॅट. आपल्या आजोबांच्या माजघरातला पिवळा बल्ब आठवा!

आता गंमत बघा. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी. बातम्या लावायच्या तर आकाशवाणीच्याच. पाणीपुरवठा, वीज, हवामान यांची 'माहिती' मात्र चालते. म्हणजे टँकर उद्या येणार हे बिनधास्त सांगा. पण तो आलाच का नाही, असं कुणाला माईकवर विचारलंत की झाली ती बातमी!

म्हणे सुरक्षेचा प्रश्न. अहो, जगभर दिसणाऱ्या यूट्यूब चॅनेलला लायसन्सही लागत नाही. आणि ज्याचं लायसन्स, पत्ता, सगळं मंत्रालयाच्या फायलीत आहे, त्याच्याच तोंडावर पट्टी? (हे लॉजिक माझ्या कोड रिव्ह्यूमध्ये पास झालं नसतं.) रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सुप्रीम कोर्टाने १९९५ सालीच सांगितलंय.

आज म्हसवडच्या टॉवरवरून दिल्लीची बातमी ऐकवता येते. शेजारच्या वाडीची नाही.