गाय भिक्खूच्या मागे का लागली?

विनयपिटकाच्या महावग्गात कातड्याविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात गोष्ट येते ती अशी. एका भिक्खूला उपासकाच्या घरचे ठिपकेदार वासरू फार आवडले. वासरू कसले, त्याचे कातडे! उपासकाने वासरू मारून कातडे दिले. भिक्खूने ते संघाटीखाली लपविले. पण वासराची आई त्याच्या मागोमाग चालू लागली. बाकीच्या भिक्खूंनी विचारले, ही गाय तुमच्या मागे का लागली? तो म्हणाला, मलाही ठाऊक नाही. संघाटीला मात्र रक्त लागले होते. भगवंतांनी त्याची कडक निर्भर्त्सना केली. पुढे अवंती-दक्षिणापथात मेंढी-बकरीच्या कातड्याच्या अंथरुणाला मुभाही त्यांनीच दिली, कारण तेथे तोच रिवाज होता. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांतला फरक बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये दाखविला आहे.

आम्ही ही कसोटी फरच्या धंद्याला लावतो.

मिंक हा मुंगसासारखा दिसणारा, पाण्यात सूर मारून मासे धरणारा, एकटा राहणारा प्राणी. फरसाठी त्याला जाळीच्या पिंजऱ्यात पाळतात. पायाखाली माती नाही, पोहायला पाणी नाही. तो तासन्तास त्याच फेऱ्या मारतो, स्वतःची शेपटी चावतो. वसंतात जन्मलेली पिल्ले नोव्हेंबरात, अंगावर दाट लव आली की, गॅसच्या पेटीत घालून मारतात. कोल्ह्यांना विजेचा धक्का देतात. कातड्याला भोक पडता कामा नये ना! एका लांब कोटाला पन्नासच्या आसपास मिंक लागतात.

2020 च्या नोव्हेंबरात डेन्मार्कमध्ये मिंकमध्ये कोरोना शिरला म्हणून सरकारने देशातले सगळे मिंक, दीड कोटीहून अधिक, मारण्याचा हुकूम काढला. घाईने पुरलेली कलेवरे फुगून मातीतून वर आली. 2023 पासून तेथे पुन्हा पाळण्यास परवानगी आहे. ब्रिटनने मात्र 2000 सालीच असा धंदा बंद करण्याचा कायदा केला.

आमच्यापैकी कोणी म्हणेल, 2016 साली उन्यात मेलेली गाय सोलणाऱ्या आपल्या पोरांना उघड्यावर झोडपले, आणि तुम्ही परदेशी मिंकसाठी रडता? प्रश्न रास्त आहे. उन्यातल्या त्या गोप्रेमाशी आमचे काहीएक देणेघेणे नाही. मेलेल्या ढोराचे कातडे सोलून पोट भरणारा अपराधी नव्हेच. शतकानुशतके त्यालाच विटाळलेला म्हटले गेले. आणि नुसत्या मिरवण्यासाठी जिवंत प्राणी पिंजऱ्यात कोंडणाऱ्याला प्रतिष्ठित! इथे गरज कोणाची, सांगा?

भारत सरकारने 2017 साली मिंक, कोल्हा व चिंचिला यांच्या कातड्यांची आयात बंद केली. तरी लेकींसाठी लवीच्या कॉलरचे जाकीट किंवा किल्ल्यांच्या साखळीचा गोंडा घेताना लव बाजूला सारून मुळाशी बघावे. विणलेले कापड दिसले तर बहुधा नकली. कातडे दिसले तर ठेवून द्यावे. घरी आधीच असेल तर दोन केस तोडून जाळून पाहावेत: नकली लव प्लास्टिकसारखी वितळून गोळा होते, खरीला जळक्या केसांचा वास येतो.