छायाचित्रकाराचा लॅपटॉप

लग्नसराईत छायाचित्रकाराचा दिवस मांडवात जातो आणि रात्र लॅपटॉपसमोर. पाहुणे गावी परततात, मांडव उतरतो, तरी हजारो छायाचित्रांतून निवड करणे, त्यांचे रंग सुधारणे आणि अल्बमची पाने जुळविणे हे काम पुढे अनेक आठवडे चालूच राहते. म्हणून जुना लॅपटॉप थकला की नव्याची चर्चा साऱ्या घरात सुरू होते. दुकानदार प्रोसेसरचे नाव सांगतो, मित्र खेळांसाठी बनविलेले महागडे यंत्र सुचवितो आणि वडील किमतीचा आकडा ऐकून गप्प बसतात. या गोंधळात मूळ प्रश्न मात्र बाजूला राहतो : या यंत्राकडून नेमके कोणते काम करून घ्यायचे आहे?

छायाचित्रकाराच्या लॅपटॉपकडून दोन अपेक्षा सर्वांत आधी असाव्यात. त्यावर दिसते ते खरे असावे आणि त्याच्या भरवशावर ठेवलेले हरवू नये. वेगाचा विचार त्यानंतरचा. प्रत्यक्षात खरेदी होते ती नेमकी उलट क्रमाने.

प्रथम स्क्रीनचा विचार करू. सांगली-कोल्हापूर भागातील एखाद्या तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालविणारा तरुण डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या स्वस्त लॅपटॉपवर नवरीचा लाल शालू फिकट दिसतो, म्हणून तो लाल रंग वाढवितो. हळदीचा पिवळा मंद वाटतो, म्हणून तोही गडद करतो. अल्बम छापून येतो तेव्हा शालू भडक झालेला असतो आणि हळद लागलेले चेहरे केशरी दिसतात. दोष ना कॅमेऱ्याचा असतो, ना छापणाऱ्या लॅबचा. स्क्रीनलाच ते रंग पुरते दाखविता येत नव्हते.

रंगांची ही क्षमता मोजण्याची पट्टी ठरलेली आहे. एसआरजीबी ही रंगपट्टी १९९६ साली पुढे आली आणि आजही बहुतेक लॅब याच पट्टीतील जेपीईजी फाइल स्वीकारतात. खरेदी करताना ‘शंभर टक्के एसआरजीबी’ असा स्पष्ट उल्लेख पाहावा. काही माहितीपत्रकांत ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ एसआरजीबीच्या साधारण साठ-पासष्ट टक्केच रंग दिसणार. तेथे ७२ टक्के एनटीएससी असेल, तर ती स्क्रीन ढोबळमानाने एसआरजीबीच्या बरोबरीची समजावी. रंगांच्या या आकड्यापुढे ‘फोर-के’चे आकर्षण दुय्यम आहे. बारीक ठिपके असलेली पण रंग चुकविणारी स्क्रीन छायाचित्रकाराच्या उपयोगाची नाही.

दुसरी चूक प्रखरतेची. स्क्रीन पूर्ण उजळ ठेवून काम केले की छायाचित्र पुरेसे उजेडी वाटते, पण कागदावर तेच काळवंडून उतरते. छपाईसाठी काम करताना स्क्रीनची प्रखरता साधारण १२० निटच्या आसपास असणे योग्य मानले जाते. साधी स्क्रीनदेखील पूर्ण उजळ केल्यावर याच्या दुपटीवर सहज जाते. प्रखरता आणि रंग तपासून जुळवून देणारे एक लहान उपकरण मिळते. ते स्क्रीनवर टेकवून ठेवले की यंत्राला रंगांची नेमकी दुरुस्ती करता येते. एकट्याला त्याचा खर्च जड वाटत असेल, तर गावातील चार-पाच छायाचित्रकारांनी मिळून एक उपकरण घ्यावे. ते रोज लागत नाही, महिन्यातून एकदा पुरते.

आता साठवणुकीकडे वळू. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण ३० एमबीची धरली आणि एका लग्नात २,५०० छायाचित्रे निघाली, तर एकूण भार ७५ जीबी होतो. हंगामात अशी २० लग्ने झाली, तर तो १,५०० जीबीवर जातो. म्हणजे ५१२ जीबीच्या एसएसडीत पाच-सहा लग्नांतच जागा संपणार. रॉ न घेता केवळ जेपीईजी घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे. जेपीईजीत प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा राहतात, तर १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. उन्हातील मांडवात काळवंडलेला चेहरा उजळायचा झाल्यास ही शिल्लक कामी येते. तेव्हा चालू कामासाठी लॅपटॉपमध्ये किमान १ टीबीची एसएसडी असावी आणि पूर्ण झालेले काम बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवावे.

‘हलवावे’ या शब्दातच एक धोका दडलेला आहे. एकुलत्या एका हार्ड डिस्कवर हलविलेले काम सुरक्षित होत नाही, केवळ दुसऱ्या ठिकाणी असुरक्षित होते. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने एक साधा नियम रूढ केला आहे : प्रत्येक छायाचित्राच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या जागी असावी. स्टुडिओत चोरी झाली, पावसाचे पाणी शिरले, तरी घरी किंवा क्लाउडवर ठेवलेली प्रत वाचते. जुन्या पिढीचे छायाचित्रकार निगेटिव्हची पाकिटे तारीख घालून कपाटात जपत. अल्बम खराब झाला, तर त्या निगेटिव्हवरून पुन्हा छायाचित्र काढून देता येई. आजची फाइल हीच ती निगेटिव्ह आहे, हे विसरता कामा नये.

वेगाचा हिशेबही कामावरूनच मांडता येतो. २४ मेगापिक्सेलचे छायाचित्र फोटोशॉपमध्ये १६ बिटांत उघडले, तर त्याचा एक थर स्मृतीत सुमारे १४४ एमबी जागा घेतो. दहा थरांचे काम दीड जीबीच्या घरात जाते आणि अल्बमच्या जोडपानावर अशी अनेक छायाचित्रे एकत्र येतात. म्हणून १६ जीबी रॅम ही किमान गरज समजावी. अल्बमची रचना रोज करावी लागत असेल, तर ३२ जीबी घ्यावी. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा उपयोग मुख्यतः व्हिडिओसाठी आणि रात्रीच्या छायाचित्रांतील दाणेदारपणा घालविणाऱ्या नव्या सुविधांसाठी होतो. ही कामे नसतील, तर त्यावरील रक्कम स्क्रीनकडे वळवावी.

अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पट्टीलाच जोडलेली असते. ती पुढे वाढविता येत नाही. ॲपलच्या आजच्या लॅपटॉपमध्येही रॅम नंतर वाढत नाही, त्यामुळे निर्णय खरेदीच्या दिवशीच घ्यावा लागतो. शिवाय आपले अल्बमचे सॉफ्टवेअर मॅकवर चालते की नाही, याची आधी खात्री करावी. उलट, जुन्या यंत्राची स्क्रीन चांगली असेल आणि केवळ हार्ड डिस्कमुळे ते मंद झाले असेल, तर एसएसडी व रॅम बसवून आणखी दोन-तीन हंगाम निभावू शकतात. मात्र विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ते यंत्र पुढच्या आवृत्तीस पात्र नसेल, तर त्यात नवे पैसे घालण्यापूर्वी विचार करावा.

दुकानात जाताना स्वतःची चार छायाचित्रे पेनड्राइव्हवर आणि त्यांचेच लॅबमध्ये छापलेले कागद सोबत न्यावेत. स्क्रीनशेजारी कागद धरून त्वचेचा आणि लाल वस्त्राचा रंग ताडून पाहावा. स्क्रीन मागे-पुढे कलवून रंग पालटतो का, तेही पाहावे. ठरलेल्या रकमेचा साधारण चौथा हिस्सा हार्ड डिस्क आणि रंगजुळणीसाठी राखून ठेवावा व उरलेल्या रकमेतच लॅपटॉप निवडावा. व्यवसायाची जीएसटी नोंदणी असेल, तर बिलावर आपला क्रमांक घालून घ्यावा. लॅपटॉपवर १८ टक्के कर लागतो आणि नोंदणीकृत व्यावसायिकाला त्याची वजावट मिळू शकते.

हा काटेकोरपणा कोणासाठी, असा प्रश्न पडला तर ग्राहकाकडे पाहावे. अंतरपाट दूर झाल्याचा क्षण, सासरी निघालेल्या नातीच्या डोक्यावर आजीने ठेवलेला हात, हे पुन्हा घडवून आणता येत नाही. वर्षभराने आजी नसते आणि ते कुटुंब त्या एका छायाचित्रासाठी स्टुडिओची पायरी चढते. त्या वेळी प्रोसेसर कोणता होता, हे कोणी विचारत नाही. छायाचित्र आहे का आणि आजीचा चेहरा जसा होता तसाच त्यात दिसतो का, एवढेच पाहिले जाते.