रानडुकराचा रस्सा : मारायला परवानगी, मग खायला का नाही?

भुईमूग, मका रात्रीत भुईसपाट करणारे रानडुक्कर मारले, तर ते शिजवले म्हणून बिघडले कुठे? कोकणापासून विदर्भापर्यंत हा प्रश्न विचारला जातो आणि तो अगदीच गैर नाही. कायद्याचे उत्तर मात्र स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार पिकांचे नुकसान करणारे जनावर वनखात्याच्या परवानगीने मारता येते. पण कलम 39 प्रमाणे ते आणि त्याचे मांस सरकारी मालमत्ता ठरते. रस्त्यात मेलेले सापडले, तरीही तेच.

केरळने 2022 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना रानडुकरे मारण्याचे आदेश देण्याचा अधिकार दिला. तिथेही मांस पुरावेच लागते. ज्याचे पीक गेले, त्याला ही नासाडी खटकणारच. तरी बंदी योग्यच वाटते, कारण मांस खुले झाले की गिऱ्हाईक शेतकरी राहत नाही, ढाबेवाला होतो. पातेल्यातले डुक्कर शेतातले की जंगलातले, हे मग कोण ठरवणार? शेतकऱ्याला हवी ती नुकसानभरपाई, आणि तीही वेळेवर.

घोरपडीचे तर विचारूच नका. ‘ताकदीसाठी’ ती शिजवणाऱ्यांना 3 ते 7 वर्षे तुरुंगवास होऊ शकतो.

तब्येतीचा मुद्दा वेगळाच. रानडुकराच्या मांसात ट्रिकिनेला हा सूक्ष्म कृमी असू शकतो. मीठ लावून वाळवल्याने किंवा धुरावर धरल्याने तो मरेलच असे नाही. त्यासाठी मांस आतपर्यंत 71 अंश सेल्सिअस तापावे लागते. चुलीवरच्या घाईच्या रश्श्यात ते कोणी मोजत नाही.